दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम काढताना हार्ड डिस्कची पार्टिशन्स कशी सांभाळावीत?



आपल्या पनवेल परिसरात अभियांत्रिकीला जाणारी मुले गल्लोगल्ली सापडतात. दादा किंवा ताई पहिल्या वर्षाला गेली की लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू येते, कारण कॉलेजच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स लागते. पुढे दादाला नोकरी लागते, तो नवा लॅपटॉप घेतो आणि जुना धाकट्या बहिणीकडे येतो. तिला अभ्यासाला विंडोज पुरते. चालू करताना मात्र दर वेळी काळ्या पडद्यावर नावांची यादी येते आणि सी ड्राइव्ह तर काठोकाठ भरलेला असतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "ते लिनक्स उडवून टाक, जागा मोकळी होईल."

सल्ला चुकीचा नाही. पण "उडवून टाक" या दोन शब्दांतच सगळा धोका आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एखादे अॅप नव्हे, की अनइन्स्टॉल केले आणि संपले. तिची डिस्कवर स्वतंत्र जागा असते आणि संगणक सुरू करण्याच्या कामातही तिचा हात असतो. क्रम चुकला तर लिनक्स तर जातेच, पण विंडोजही सुरू होत नाही. शाळेच्या संगणकावर निकालपत्रके असतील, घरच्या लॅपटॉपवर दहा वर्षांचे फोटो असतील, तर अशा वेळी जिवाचे पाणी होते. म्हणून आजचा पाठ सावकाश वाचा, आणि जमल्यास आठवी-नववीच्या मुलांनाही समजावून सांगा.

आधी ठरवा: नक्की कोणती काढायची?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट देऊ केले गेले, पण ती तात्पुरती सोय. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, ठरावीक यादीतला प्रोसेसर, किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. जुना लॅपटॉप या अटींत बसत नसेल, तर त्यातली लिनक्स हीच अपडेट मिळत राहणारी सिस्टिम असू शकते.

लिनक्स म्हणजे फक्त कॉलेजवाल्यांचे काम असेही समजू नका. आपल्याच सी-डॅक या संस्थेने बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, तयार केली आहे. ती लिनक्सवरच आधारलेली असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. तेव्हा घरातल्या माणसांना विचारा, काय वापरले जाते ते बघा आणि मगच निर्णय घ्या. पुढची माहिती "विंडोज ठेवायची, लिनक्स काढायची" असे ठरले आहे हे धरून लिहिली आहे.

पार्टिशन म्हणजे काय? सातबाऱ्याच्या भाषेत

सिडकोच्या प्लॉटांच्या चर्चा ऐकत वाढलेल्या पनवेलकरांना हे समजायला अजिबात कठीण नाही. हार्ड डिस्क म्हणजे रस्त्याकडेची एक लांबलचक जमीन. तिचे एका ओळीत पाडलेले तुकडे म्हणजे पार्टिशन्स. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते, तिला पार्टिशन टेबल म्हणतात. हा डिस्कचा सातबारा.

हा सातबारा दोन पद्धतींनी लिहिला जातो. जुनी पद्धत एमबीआर. तिच्यात मुख्य तुकडे फार तर चार आणि साधारण 2 टीबीपर्यंतचीच डिस्क पूर्ण वापरता येते. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात विंडोज 128 पर्यंत तुकडे करू देते, शिवाय नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

उताऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातले पीक लगेच नाहीसे होत नाही. तसेच पार्टिशन डिलीट केले की आधी जाते ती नोंद. आतली माहिती तिथेच पडून असते. पण त्या जागेवर नवे काही लिहिले की ती कायमची जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आपल्या डिस्कचा नकाशा काढा

विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खाली आडवे चौकोन दिसतील. आता काहीही न दाबता वही घ्या आणि ते चौकोन डावीकडून उजवीकडे जसेच्या तसे काढा. आकडेही लिहा. 500 जीबीच्या डिस्कचा नकाशा साधारण असा निघतो:

1. ईएफआय सिस्टिम पार्टिशन – 100 एमबी
2. सी ड्राइव्ह (विंडोज) – 300 जीबी
3. नाव नसलेले, अक्षर नसलेले पार्टिशन – 164 जीबी
4. रिकव्हरी पार्टिशन – साधारण 1 जीबी

तिसरा चौकोन लिनक्सचा. विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती त्याच्यावर ना नाव दाखवते ना एनटीएफएस असा शिक्का. कधीकधी "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असा प्रश्नही विचारते. उत्तर एकच: कॅन्सल. जुन्या पद्धतीने बसवलेल्या लिनक्सचे दोन-तीन तुकडे असू शकतात. एक मुख्य, एक स्वॅपचा, एखादा होमचा. खात्री नसेल तर लिनक्स सुरू करून तिथल्या डिस्क्स नावाच्या सोयीत पाहा. तिथे प्रत्येक तुकड्याची ओळख स्पष्ट लिहिलेली असते. दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच वहीत त्या तुकड्यावर फुली मारा.

मुले इथे हमखास विचारतात, "सर, डिस्क 500 ची आणि बेरीज 465 च कशी?" गणिताच्या तासाला घेण्यासारखा प्रश्न आहे. कंपनी 500 जीबी म्हणते तेव्हा 50 हजार कोटी बाइट मोजते. विंडोज मात्र 1024 × 1024 × 1024, म्हणजे 1,07,37,41,824 बाइटला एक जीबी म्हणते. भागाकार करा, 465.66 येतात. कोणी जागा चोरलेली नाही!

हात लावण्यापूर्वीची चार कामे

पहिले – दोन्हीकडच्या फायली बाहेर काढा. विंडोजमधून लिनक्सच्या फायली दिसत नाहीत, म्हणून "तिकडे काही नाही" असे वाटते. लिनक्स सुरू करा, होम फोल्डर उघडा आणि दादाचे प्रोजेक्ट, फोटो, डाउनलोड सगळे पेन ड्राइव्हवर घ्या. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड विसरू नका. पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीचा असेल तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. अशा वेळी एक्सफॅट पद्धतीचा वापरा. विंडोजमधल्या महत्त्वाच्या फायलींचीही प्रत घ्या. आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

दुसरे – बिटलॉकरची किल्ली. पुष्कळ लॅपटॉपवर सी ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद केलेला असतो. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल दिसला की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणजे पुण्याला किंवा बंगळुरूला असलेल्या दादाच्या! त्याला आधीच फोन करा, किल्ली कागदावर उतरवून घ्या आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करून ठेवा.

तिसरे – विंडोज दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह. विंडोजमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह असे शोधा आणि तो तयार करा. पेन ड्राइव्ह रिकामा, शक्यतो 32 जीबीचा घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाते.

चौथे – वीज. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डिस्कचे काम अर्धवट थांबणे सर्वांत वाईट.

शाळेचा संगणक असेल तर पाचवे कामही आहे: मुख्याध्यापकांची परवानगी. नकाशाचा कागद संगणक कक्षाच्या नोंदवहीत लावून ठेवा. उद्या तुमची बदली झाली तरी पुढच्या शिक्षकाला तो उपयोगी पडेल.

सर्वांत महत्त्वाचे: आधी दार, मग खोली

संगणक सुरू झाल्यावर "विंडोज की लिनक्स?" असे विचारणारी जी यादी येते, तिचे नाव ग्रब. हा ग्रब लिनक्सबरोबर आलेला दारवान आहे. त्याचा छोटा भाग दाराशी बसतो, पण त्याचे सामान आणि यादीची वही लिनक्सच्या खोलीत असते. तुम्ही थेट खोली पाडलीत, तर दारवान दाराशीच राहतो, वही शोधत बसतो आणि आत कोणालाच सोडत नाही. पडद्यावर "ग्रब" किंवा "ग्रब रेस्क्यू" एवढीच अक्षरे येतात. विंडोज आत सुखरूप असते, पण तिथपर्यंत पोचता येत नाही. म्हणून आधी दारवान बदला, मग खोली काढा.

तुमचे दार कोणत्या प्रकारचे आहे ते सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड या ओळीत दिसते. तिथे यूईएफआय असेल किंवा लेगसी.

यूईएफआय असेल तर: विंडोजच्या सेटिंग्जमधून रिकव्हरी, तिथून अॅडव्हान्स्ड स्टार्टअप आणि पुढे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असे जा. किंवा संगणक चालू होताना कंपनीप्रमाणे एफ-2, एफ-10, एफ-12 किंवा डिलीट दाबा. बूट ऑर्डरमध्ये उबुंटूच्या वर विंडोज बूट मॅनेजर आणा आणि सेव्ह करून बाहेर या.

लेगसी असेल तर: दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे बूटरेक, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून फिक्सएमबीआर, अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. यामुळे डिस्कच्या पहिल्या भागातला ग्रब जाऊन तिथे विंडोजचा दारवान बसतो. सातबारा बदलत नाही.

आता पेन ड्राइव्ह काढा आणि संगणक दोनदा बंद करून चालू करा. यादी न येता सरळ विंडोज उघडली, तर अर्धी लढाई जिंकली. नाही उघडली तर पुढे जाऊ नका. लिनक्स अजून जागेवर आहे, काहीही बिघडलेले नाही.

आता लिनक्सची पार्टिशन्स काढा

डिस्क मॅनेजमेंट उघडा, वहीतला नकाशा शेजारी ठेवा. फुली मारलेल्या चौकोनावर उजवी क्लिक करून डिलीट व्हॉल्यूम निवडा. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला आकडे मोठ्याने वाचायला सांगा. चार डोळे केव्हाही बरे. डिलीट झाले की तो चौकोन काळ्या पट्टीचा होतो आणि अनअलोकेटेड असे दिसते. म्हणजे मोकळी जमीन.

एमबीआर डिस्कवर लिनक्स अनेकदा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असते. आतला तुकडा काढल्यावर काळा नाही, हिरवा चौकोन दिसतो आणि फ्री स्पेस लिहिलेले असते. आत दुसरे काही नाही ना ते पाहून तोही डिलीट करा, मग काळी पट्टी येईल.

हे दोन चौकोन मात्र कधीही काढायचे नाहीत: ईएफआय सिस्टिम पार्टिशन आणि रिकव्हरी पार्टिशन. 100 एमबीचा तो चिमुकला तुकडा "लिनक्सचा उरलासुरला असेल" असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो दोन्ही सिस्टिमचा सामाईक दरवाजा आहे. तो गेला की विंडोज सुरू होणार नाही. डिस्क मॅनेजमेंट तिथे डिलीट करू देत नाही, ते बरेच आहे. मग कोणीतरी व्हिडिओ बघून डिस्कपार्टची सक्तीची आज्ञा देतो आणि रडत बसतो. सॉफ्टवेअर "नाही" म्हणते तेव्हा थोडे थांबून कारण शोधावे. त्या सामाईक दरवाजात उबुंटूचे एक छोटे फोल्डर उरते. ते काही एमबीचे असते, त्रास देत नाही, राहू द्या.

मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडायची कशी?

सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करा आणि एक्स्टेंड व्हॉल्यूम निवडा. मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असेल तर दोन-तीन वेळा नेक्स्ट दाबून काम होते, फायलींना धक्का लागत नाही. आपल्या नकाशात दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनामध्ये काही नाही, म्हणून सी 300 वरून 464 जीबीचा होईल.

पण अनेकदा एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसते, दाबलेच जात नाही. कारण साधे आहे. शेजारचा प्लॉट घेतला तर कुंपण सरकवता येते. मध्ये दुसऱ्याचे घर असेल तर पलीकडची जमीन अंगणाला कशी जोडणार? विंडोजची ही सोय फक्त लगतच्या उजव्या बाजूची जागा घेते. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटमध्ये सी ला लागूनच नवे रिकव्हरी पार्टिशन तयार झालेले असते, आणि मग मोकळी जागा त्याच्या पलीकडे पडते. मोकळी जागा सी च्या डाव्या बाजूला असेल तरीही हीच अडचण.

अशा वेळी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: मोकळ्या जागेवर उजवी क्लिक, न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस, अक्षर डी. झाला नवा ड्राइव्ह. फोटो, व्हिडिओ, शाळेच्या फायली तिकडे हलवा, सी आपोआप मोकळा होईल. शाळा आणि घर दोन्हींसाठी मी हाच मार्ग सुचवतो. उद्या विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला, तरी डी वरचे निकाल आणि फोटो तसेच राहतात. अर्थात डी हा बॅकअप नव्हे; डिस्कच बंद पडली तर दोन्ही जातात.

दुसरा मार्ग: जीपार्टेड किंवा तत्सम साधनाने मधले पार्टिशन सरकवणे. यात पार्टिशनमधली सगळी माहिती उचलून दुसरीकडे लिहावी लागते. वेळ लागतो, आणि मध्येच वीज गेली तर माहिती अर्धी इकडे, अर्धी तिकडे. रिकव्हरी पार्टिशन सरकवल्यावर विंडोजला त्याचा नवा पत्ताही द्यावा लागू शकतो. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

घड्याळ साडेपाच तास मागे का?

दोन सिस्टिमच्या संगणकावर ही गंमत हमखास दिसते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की दुपारचे दोन वाजले असताना घड्याळ साडेआठ दाखवते. लिनक्स संगणकातल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भूगोलाच्या तासाला मुलांना आकडेमोड करायला लावा: भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशावरची, 15 अंशांना एक तास, म्हणजे 82.5 ÷ 15 = 5.5. बरोबर साडेपाच तास! लिनक्स काढल्यावर विंडोजमधली वेळ एकदा नीट करा, पुन्हा बिघडणार नाही.

अडलंच कुठे, तर

- पडद्यावर ग्रब आले: घाबरू नका, फायली जागेवर आहेत. यूईएफआय असेल तर बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर आणा. लेगसी असेल तर पेन ड्राइव्हवरून वरची दुरुस्ती करा.
- 48 अंकी किल्ली मागितली: कागदावर उतरवलेली किल्ली भरा.
- चुकीचे पार्टिशन डिलीट झाले: तिथेच थांबा. नवे पार्टिशन करू नका, फॉरमॅट करू नका, काही कॉपी करू नका. सातबाऱ्याची गोष्ट आठवा: नोंद गेली, पीक अजून उभे आहे. टेस्टडिस्कसारख्या मोफत साधनाने नोंद परत मिळू शकते, पण जाणकाराच्या हातून. एसएसडीवर फॉरमॅट झाल्यावर मात्र आशा फार कमी उरते.

मुलांसाठी स्वाध्याय

1. घरच्या किंवा शाळेच्या संगणकाच्या पार्टिशन्सचा नकाशा वहीत काढा. (फक्त पाहायचे, काही दाबायचे नाही!)
2. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये किती जीबी दिसेल? गणित करून सांगा.
3. आधी पार्टिशन काढले आणि बूट ऑर्डर नंतर बदलायची ठरवली, तर काय होईल? का?
4. ईएफआय, सी, रिकव्हरी, मोकळी जागा या क्रमाच्या डिस्कवर सी वाढवता येईल का? कारण द्या.

शेवटचा प्रश्न मुलांनी बरोबर सोडवला, तर त्यांना पार्टिशन कळले असे समजायला हरकत नाही. पालकांनीही तो सोडवून पाहावा. आणि घरचा लॅपटॉप घेऊन बसण्याआधी एकदा क्रम मोठ्याने म्हणा: नकाशा, प्रत, किल्ली, दार, खोली, आणि सगळ्यात शेवटी जागा. रविवारची सकाळ या कामाला पुरते. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र हे काम काढू नका.